पंधरा जुलैपर्यंत

इस्मार त्सेर्निक गुरांचा डॉक्टर होता. पण जिवंत गुरांशी त्याचा संबंध कमीच. जर्मनीतल्या ऑस्टरग्रूबच्या नगरपालिकेच्या कत्तलखान्यात रोज सकाळी सहाला तो हजर व्हायचा आणि कापलेलं प्रत्येक जनावर तपासायचा. फुप्फुसं, यकृत, गाठी बघायच्या, डुकराच्या मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात केसाएवढे कृमी आहेत का ते पाहायचं आणि सगळं ठीक असेल तर मांडीवर निळा गोल शिक्का उमटवायचा. त्या शिक्क्याशिवाय खाणकामगारांच्या त्या गावात सॉसेजचा एक तुकडाही विकता येत नसे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. डॉक्टर ज्यू आहे आणि आयुष्यात कधी डुकराचं मांस तोंडात घातलेलं नाही, हा खाटकांना चेष्टेचा विषय होता, तक्रारीचा कधीच नव्हता.

एकोणीसशे तेहतीसच्या एप्रिलमध्ये एका सकाळी ब्रेमर फाटकातच आडवा आला. ब्रेमर दोन वर्षं इस्मारच्या हाताखाली होता. सूक्ष्मदर्शकाचं भिंग नीट बसवायलासुद्धा इस्मारनेच त्याला शिकवलं होतं. कालपर्यंत "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब" करत मागे फिरणारा हा माणूस आज कोटावर पक्षाचा बिल्ला लावून उभा होता. कानामागून आला आणि तिखट झाला, असं खाटीक आपसात कुजबुजत होते.

"त्सेर्निक, तुमचं इथलं काम संपलं," ब्रेमर म्हणाला आणि त्याने एक कागद पुढे केला.

इस्मारने कागद सावकाश वाचला. नव्या सरकारी कायद्यानुसार, आर्य वंशाचे नसल्यामुळे, सेवेतून मुक्त. वाचून झाल्यावर त्याने तो परत ब्रेमरच्या हातात दिला.

"तारीख घालायची राहिलीय."

"काय?"

"तारीख. बिनतारखेच्या कागदावर मी घरी जाणार नाही. दोन वर्षं तुम्हाला हेच शिकवलं ना मी, तारीख आधी, सही नंतर?"

मागे खाटकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाउल कालुझाच तो. अंगाने बैलासारखा, आवाजानेही तसाच. ब्रेमरचं तोंड लालबुंद झालं. पण खिशातून पेन काढून त्याने तारीख घातली. इस्मारने कागदाची घडी केली, पांढरा कोट खुंटीला लावला आणि जरा लंगडत, कारण त्याचा उजवा पाय लहानपणीच्या तापात अधू झाला होता, तो घराकडे चालू लागला. त्या पायामुळेच तो महायुद्धात जाऊ शकला नव्हता. आघाडीवर लढून आलेल्या ज्यूंना नव्या कायद्याने तूर्त सोडलं होतं. इस्मारला तीही पळवाट नव्हती.

घरी बायकोने, सेल्माने, ऐकून घेतलं. ती रडली नाही. रडणारी बाई नव्हतीच ती.

"माझ्या भावाला पॅलेस्टाईनला, हैफाला पत्र टाकते," ती म्हणाली.

"कशाला? मी काय चूक केली?"

"तू केली नाहीस म्हणूनच. चूक केली असती तर माफी तरी मागता आली असती."

पुढचे दोन महिने इस्मारने घरात येरझारा घातल्या. पंधरा वर्षांची मुलगी थेआ शाळेतून आली की त्याच्याकडे बघायची आणि अभ्यासाला बसायची. जून महिन्यात एका दुपारी म्हातारे वकील कोबर धापा टाकत जिना चढून आले. त्यांची सनदही एप्रिलमध्येच गेली होती. काखेत त्यांनी एक जाडजूड राखाडी पुस्तक मारलं होतं.

"सेल्मा, कॉफी टाक! चांगली टाक, चिकोरीची नको! इस्मार, हे कधी वाचलंयस?"

इस्मारने मुखपृष्ठ पाहिलं. अप्पर सायलीशियाचा करार, जिनिव्हा, एकोणीसशे बावीस. त्याने नाक मुरडलं. हा करार इथे सगळ्यांना माहीत होता, पण वाचला कुणीच नव्हता. युद्धानंतर या प्रांतावरून नवी सीमा ओढली, अर्धा जर्मनीत राहिला आणि अर्धा पोलंडला गेला, तेव्हा दोन्ही देशांनी पंधरा वर्षांसाठी केलेला तो करार. सीमा अशी वेडीवाकडी गेली होती की कालुझाचं घर जर्मनीत आणि त्याच्या सख्ख्या भावाचं पोलंडात, विहीर मात्र दोघांत एकच.

"ते पोलिश शाळा आणि जर्मन शाळांच्या भांडणाचं पुस्तक आहे, कोबरसाहेब. आपला काय संबंध?"

"मलाही तेच वाटायचं. सहाशे सहा कलमं, कोण वाचतंय! पण घरी बसवल्यावर माणूस काय करणार? वाचलं मी. हे बघ." त्यांनी बोट ठेवलं. "या प्रांतातले सगळे नागरिक कायद्यापुढे समान. वंश, भाषा, धर्म, कशावरूनही भेद करायचा नाही. नोकरीतसुद्धा नाही. खाली जर्मनीची सही आहे."

"त्या सहीला आता कोण विचारतो?"

"जिनिव्हात विचारलं!" कोबरांनी टेबलावर थाप मारली. "आपल्याच भागातल्या एका माणसाने राष्ट्रसंघाकडे अर्ज टाकला, साधा दुकानातला नोकर. आणि सगळ्या जगासमोर आपल्या सरकारला म्हणावं लागलं, की देशातला कायदा या कराराच्या वर जात नाही, आणि काही झालंच असेल तर ती खालच्या अधिकाऱ्यांची चूक आहे. ऐकलंस? चूक! म्हणजे तुझा तो ब्रेमर आता सरकारच्या लेखी एक चूक झाला!"

कितीतरी दिवसांनी इस्मार हसला. मग त्याने पुस्तक ओढून घेतलं. कत्तलखान्याचे नियम तो ज्या पद्धतीने वाचायचा त्याच पद्धतीने, पेन्सिल हातात घेऊन, त्याने ते दोन दिवस वाचलं. त्याला ते आवडलं. भाषा कोरडी होती, तारखा स्पष्ट होत्या, आणि कोणत्या कामासाठी कुठे जायचं हे लिहिलेलं होतं. आधी जिल्ह्याच्या अल्पसंख्य कचेरीत अर्ज, तिथे न्याय झाला नाही तर सीमेपलीकडे कॅटोवित्सला, दोन्ही देशांच्या मिश्र आयोगापुढे.

"हात दाखवून अवलक्षण करून घेतोयस तू," सेल्मा म्हणाली.

"अवलक्षण झालंय ते एप्रिलमध्येच. आता हात तरी दाखवतो."

अर्ज त्याने स्वतः लिहिला. दीड पान. कचेरीने अर्ज ठेवून घेतला आणि घोंगडं भिजत घातलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या एका रविवारी दुपारी खुद्द ब्रेमर घरी आला. टोपी न काढताच खुर्चीवर बसला.

"अर्ज मागे घ्या. सहा महिन्यांचा पगार मिळेल, मी बोललोय वर. नाहीतर, त्सेर्निकबाई, गावातली पोरं तापलेली आहेत. तुमच्या खिडक्यांच्या काचांची मी हमी देऊ शकत नाही."

इस्मार उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच सेल्मा उठली. तिने कपाटातून दौत, टाक आणि कोरा कागद आणून ब्रेमरसमोर ठेवला.

"हे लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. काचांचं. तुम्ही लिहा, आम्ही जोडतो अर्जाला. कॅटोवित्सला वाचतील, जिनिव्हाला वाचतील. तुमचं अक्षर चांगलं आहे, इस्मार नेहमी सांगायचा."

ब्रेमरने कागद परत तिच्याकडे ढकलला. मग उठला आणि जिना उतरून गेला. काचा फुटल्या नाहीत. त्या रात्री जेवताना इस्मार बायकोकडे पुन्हा पुन्हा बघत होता.

"काय बघतोयस? बटाट्याचे गोळे गार होतायत."

"तू तर म्हणत होतीस हैफाला जाऊ."

"जाऊच. पण असे हाकलल्यासारखे नाही. आपल्या पायांनी, आपल्या दिवशी."

कचेरीने काहीच केलं नाही, तेव्हा प्रकरण कॅटोवित्सला गेलं आणि सुनावणी नोव्हेंबरात लागली. सीमेचा पास खिशात घालून इस्मार ट्रामने निघाला. ट्राम नाक्यावर थांबली, एक जर्मन शिपाई चढला, उतरला, एक पोलिश शिपाई चढला, उतरला, आणि ट्राम पुढे गेली. कोबर सोबत होते. आणि साक्षीला म्हणून, रविवारचा कोट घालून, घाम पुसत कालुझा.

"तुम्हाला त्रास होईल नंतर," इस्मार त्याला म्हणाला.

"मला काय त्रास देणार? माझ्याशिवाय गावात रक्ताचं सॉसेज कुणाला जमतं?" कालुझा म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "बायको रडली सकाळी. पण तिने दुसऱ्या माणसाशी लग्न करायला हवं होतं, त्याला मी काय करू."

खोली साधी होती. लांब टेबलामागे आयोगाचे एक सचिव बसले होते, बारीक चणीचे, तिऱ्हाईत देशातून आलेले. दोन्ही बाजूंना एकेक दुभाषा. नगरपालिकेचा माणूस तयारीने आला होता.

"वंशाचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "प्रश्न लोकांच्या विश्वासाचा आहे. या गृहस्थांचा धर्म त्यांना डुकराचं मांस खाऊ देत नाही. ज्या वस्तूची चव माहीत नाही तिची पारख त्यांनी करावी हे जनतेला पटत नाही."

सचिवांनी इस्मारकडे पाहिलं.

"चव हे माझं काम नव्हतं, साहेब," इस्मार म्हणाला. "कृमी चवीने कळत नाहीत. चवीने कळेपर्यंत ते पोटात गेलेले असतात. आणि दुसरं असं की एप्रिलमधल्या कागदावर जनतेच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. वंशाबद्दल आहे. कागद हा इथे आहे. तारीखसुद्धा आहे."

कागद टेबलावरून सरकत गेला. नगरपालिकेचा माणूस खाली बघू लागला.

मग कालुझाला बोलावलं.

"तुम्ही डॉक्टरांना किती वर्षं ओळखता?"

"अकरा. अकरा वर्षांत त्यांनी माझी चार डुकरं आणि एक गाय पुरायला लावली. पाच वेळा मी त्यांना शिव्या घातल्या. मनात नाही, तोंडावर. विचारा त्यांना."

"खरं आहे," इस्मार म्हणाला.

"पण माझ्या दुकानातलं खाऊन एक माणूस आजारी पडला नाही, साहेब. एक नाही! आता हे नवे आलेत. परवा माझ्या तीन डुकरांवर शिक्के मारले, एकाकडेही वाकून न बघता. बरं वाटायला हवं होतं मला. पण घरी येऊन बायकोला म्हटलं, हे आपण नको खायला."

दुभाष्याला हे सगळं सांगताना हसू आवरेना, कारण कालुझा जर्मन आणि पोलिश एकाच वाक्यात कालवून बोलत होता, त्या भागात सगळेच बोलायचे तसं. नगरपालिकेचा माणूस चिडून म्हणाला, "आधी या साक्षीदाराने सांगावं की तो जर्मन आहे की पोल. म्हणजे त्याच्या साक्षीची किंमत ठरवता येईल."

कालुझाने कोबरांकडे बघितलं. ट्राममध्ये कोबरांनी त्याला एवढी एकच गोष्ट घोकून घेतली होती. तो छाती पुढे काढून म्हणाला, "ते विचारायचा तुम्हाला हक्क नाही. कोण कुठल्या समाजाचा, हे ज्याचं त्याने सांगायचं, सरकारने तपासायचं नाही. करारात आहे!"

सचिवांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "साक्षीदाराचं बरोबर आहे," ते म्हणाले.

परतीच्या ट्राममध्ये कालुझा ते वाक्य समोरच्या अनोळखी बाईला दोनदा ऐकवून बसला.

फेब्रुवारीत निकाल आला. डॉक्टर त्सेर्निक यांना पूर्ववत कामावर घ्यावं, मधल्या काळाचं वेतन द्यावं. इस्मार सहाला पाच कमी असताना फाटकावर पोचला. बर्फ खरडून वाट केलेली होती. कोण जाणे कुणी. आत खाटीक रांगेने उभे होते, कुणी कामाला लागत नव्हतं. ब्रेमर खोलीतून आला, शिक्का टेबलावर ठेवला आणि निघून गेला. इस्मारने कोट चढवला.

"पहिलं कोणाचं?" त्याने विचारलं.

"माझं," कालुझा म्हणाला. "आणि उगाच उपकार म्हणून सोडू नका हं."

"सोडतोय कसला. दिवा इकडे घे."

पुढची साडेतीन वर्षं हे असंच चाललं. ब्रेमर कत्तलखान्याचा प्रमुख म्हणून वर खोलीत बसायचा, इस्मार खाली काम करायचा, आणि दोघांत फक्त लेखी बोलणं. पस्तीसच्या हिवाळ्यात ब्रेसलाउहून इस्मारचा चुलतभाऊ सिगबर्ट आला. गाडीने अडीच तासांवरचं, पण कराराच्या हद्दीबाहेरचं शहर. तिथे त्याचं दुकान गेलं होतं, मुलाची शाळा गेली होती, बागेतल्या बाकावर बसायची चोरी झाली होती. सकाळी तो इस्मारबरोबर कत्तलखान्याच्या फाटकापर्यंत आला आणि खाटकांनी टोप्या काढून "सुप्रभात, डॉक्टर" म्हटलेलं त्याने पाहिलं.

"इस्मार," तो म्हणाला, "तुम्ही लोक राहता तरी कुठल्या देशात?"

त्याच महिन्यात पक्षाच्या एका बड्या धेंडाच्या गोठ्यातली गाय आली. फुप्फुसात क्षयाच्या गाठी, खडेच्या खडे. इस्मारने ती नापास केली. अर्ध्या तासात ब्रेमर खाली आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तोंडाने बोलला.

"ही गाय कोणाची आहे माहीत आहे?"

"गाईला क्षय आहे एवढं माहीत आहे."

"पंधरा जुलै सदतीस," ब्रेमर दातओठ खात म्हणाला. "करार संपतो त्या दिवशी. दिवस मोजतोय मी."

"मोजा. तोपर्यंत गाय पुरा."

गाय पुरली. पण घरी आल्यावर इस्मारने ती तारीख सेल्माला सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरामागे तिने ती कधीच लिहून ठेवली होती.

तिने ती साडेतीन वर्षं वाया जाऊ दिली नाहीत. इस्मारला वाटायचं करार वाढवतील, वाढवायलाच हवा. सेल्माला तसं कधी वाटलं नाही. "सही करणाऱ्याने राष्ट्रसंघच सोडलाय. वाढवणार कोण, हवा?" ती म्हणायची. देशात इतरत्र ज्यूंच्या संस्थांचा श्वास कोंडला होता, इथे करारामुळे अजून सभा भरवता येत होत्या. तिने ज्यू समाजाच्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग काढला, पॅलेस्टाईनला किंवा कुठेही शेतीवर जाऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी. शिकवायला बसवलं नवऱ्याला. दुकानदारांच्या आणि वकिलांच्या पोरींना इस्मार गाईची कास कशी धरायची, खूर कसा साफ करायचा, वासरू आडवं आलं तर काय करायचं ते शिकवू लागला. पोरी आधी नाक धरायच्या, मग कालुझाच्या गोठ्यात कोपरापर्यंत हात घालायच्या. कालुझा कडेला उभा राहून ओरडायचा, "अगं, पियानो नाहीये तो, ओढ!"

पहिली तुकडी छत्तीसच्या मार्चमध्ये गेली. त्यात थेआ होती. स्टेशनवर ती रडली नाही, आईवर गेली होती. त्या संध्याकाळी वर्गात नव्या मुलांची नावं लिहून घेताना सेल्माने यादीच्या शेवटी आणखी दोन नावं लिहिली आणि वही इस्मारपुढे सरकवली. त्याने वाचलं. त्सेर्निक, इस्मार. त्सेर्निक, सेल्मा.

"मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे," तो म्हणाला.

"गाईंना वय कळत नाही."

"आणि इथलं? जिंकलोय ना आपण इथे? मी हरलेलो नाही, सेल्मा."

"कोण म्हणतंय हरलास? जिंकलास. एकवीस जण गेले या वर्गातून, ते जिंकल्यामुळेच गेले. पण जिंकलेल्या माणसाने उठायचं कधी हेही ठरवावं. नाहीतर दुसरा उठवतो."

इस्मारने वही जवळ ओढली. मग त्याने पेन्सिल घेतली आणि नावांपुढे, रिकाम्या रकान्यात, दोघांच्या जन्मतारखा भरल्या.

परवान्यांसाठी सव्वा वर्ष खेटे घालावे लागले. निघायचा दिवस त्याने स्वतः ठरवला. चौदा जुलै सदतीस, बुधवार. सेल्मा म्हणाली आठवडाभर आधी निघू. यावर मात्र त्याने ऐकलं नाही. चौदा तारखेला सकाळी तो नेहमीप्रमाणे सहाला कामावर गेला, अकरा डुकरं आणि चार गाई तपासल्या, एक यकृत फेकायला लावलं, हात धुतले आणि खाली उतरलेल्या ब्रेमरकडे नोंदवही दिली.

"आजपर्यंतचं सगळं पुरं आहे," तो म्हणाला. "उद्याचं तुमचं."

ब्रेमरकडे त्या दिवसासाठी कधीपासून ठेवलेलं एखादं वाक्य असावं. पण ते त्याला म्हणता आलं नाही. ज्याला हाकलायचं तो माणूस आधीच निघाला होता.

दुपारच्या गाडीला कोबर पोचवायला आले. त्यांना कितीदा सांगून झालं होतं, चला म्हणून. "एकाहत्तर वर्षं झाली मला," ते म्हणायचे. "नवी भाषा शिकवायला कोण बसणार माझ्यापुढे?" त्यांनी सेल्माच्या हातात खसखशीच्या रोलांचं पुडकं दिलं आणि इस्मारला मिठी मारली. ती त्यांनी लवकर सोडली नाही. जिल्ह्यात कराराच्या जोरावर भांडून परत जागेवर बसवलेल्या माणसांची त्यांनी यादी ठेवली होती. ती ते आता रोज वाचत बसायचे. पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं ते इस्मारला हैफाला एका पत्रातून कळलं. ते पत्र त्याने कुणाला वाचून दाखवलं नाही.

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना फलाटावर कालुझा आला. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, कामाच्या ॲप्रनमध्ये. हातात चेरींनी भरलेली टोपली.

"माझ्या भावाच्या झाडाच्या," तो म्हणाला. "पोलंडच्या आहेत, पण पाणी आमच्या बाजूचं प्यायलेल्या. तेव्हा कुठल्या म्हणायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा."

"उद्या त्रास होईल तुम्हाला, कालुझा."

"होऊ दे. रक्ताचं सॉसेज अजून मलाच जमतं." त्याने हात पुढे केला. मग तो पुरेसा नाही असं वाटून दुसराही पुढे केला.

गाडी हलली. इस्मारने खिडकी वर केली, टोपली मांडीवर घेतली, दोन चेरी खाल्ल्या. सेल्मा नंतर सगळ्यांना सांगायची की ती डोळे कोरडे ठेवून, एकही हुंदका बाहेर येऊ न देता, गाव दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली होती. मग तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं, त्याला काय वाटत असेल या काळजीने. आणि तो मान मागे टाकून घोरत होता.